उतरलेला आकडा

२ एप्रिल २०२०, गुरुवार

लॅबला रसायनं विकणाऱ्या कंपनीची फुकट डायरी. दर वर्षी मी ती सरळ रद्दीत टाकते. यंदा लिहायला घेतलीय, कारण घरी बोलायला कोणी नाही आणि लॅबमधल्या इसोबेबाईंना तीच ती रडगाणी ऐकवली तर एक दिवस त्याही हात जोडतील.

बाबांचा फोन आला. स्वतःहून! म्हणजे काहीतरी बिनसलेलं असणार हे ओळखलंच. "उसुई डॉक्टरांनी रक्त तपासलं," म्हणाले. "यकृताचा तो गॅमा दोनशे दहा. ते मला कळतं, ती साके बोलतेय. पण दुसरं एक आहे, एएलपी. सहाशे पंचावन्न. ते काय असतं गं?"

म्हटलं, "बाबा, ते एक एन्झाइम असतं. पित्ताची नळी कुठे तुंबली की रक्तात वाढतं. तीनशे बावीसच्या आत असायला हवं. मोठ्या हॉस्पिटलात जाऊन आतले फोटो काढून घ्या. या आठवड्यात."

"या आठवड्यात? सगळे तोंडाला फडकं बांधून बसलेत आणि मी हॉस्पिटलात जाऊ? न झालेला रोग घेऊन येऊ?" आणि वर म्हणतात, "रक्त माझं, मशीन तुझं, आणि घाबरवतेसही तूच."

खोटं नाही ते. केसेनच्या किनाऱ्यावरचे उसुई डॉक्टर गेली वीस वर्षं आमच्याच लॅबला नमुने पाठवतात. आठवड्यातून तीनदा गाडी जाते. बाबांचं रक्त दोन तासांत सेंदाईला पोचतं. मी मात्र नवीन वर्षानंतर गेलेली नाही.

भांडण झालं. शेवटी पैज लागली. ते साके बंद करणार, जुलैत पुन्हा रक्त देणार. आकडा उतरला नाही तर निमूट हॉस्पिटलात. उतरला तर मी गप्प बसायचं, पुन्हा तो विषय काढायचा नाही. उसुई डॉक्टरही म्हणे तेच म्हणालेत, जुलैपर्यंत वाट पाहू, मग हॉस्पिटलची चिठ्ठी देतो.

मी कबूल केलं. शहात्तर वर्षांचा सुतार, आई त्सुनामीत गेल्यापासून रोज संध्याकाळी दोन पेले. हा माणूस साके सोडतोय तर निदान सोडू दे.

१४ एप्रिल, मंगळवार

आज मीटिंगमध्ये माझं तोंड बंद करण्यात आलं. अगदी गोड शब्दांत.

एएलपी मोजायची पद्धत बदलणार. देशभर सगळ्यांचीच बदलतेय, बाहेरच्या देशांसारखी होतेय. आमच्याकडे १ जुलैपासून. नव्या पद्धतीत तेच रक्त घातलं की आकडा जवळपास तिसऱ्या हिश्श्यावर येतो. काल ज्याचे तीनशे, त्याचे आज शंभर. माणूस तोच, दुखणं तेच. रक्तात काडीचा फरक नाही.

मी म्हटलं, सहा महिने अहवालावर दोन्ही आकडे छापू. जुना आणि नवा, शेजारी शेजारी. गल्लत होणारच नाही.

कुमागाई साहेबांनी चष्मा काढून पुसला. ते चष्मा पुसायला लागले की समजावं, आपला निकाल लागला. "ओनोदेराबाई, डॉक्टर काय लहान मुलं आहेत? नवीन मर्यादा छापतोय ना शेजारी? एक फॅक्स पाठवू. एक पान. मोठ्या अक्षरात. दोन दोन आकडे बघून उलट तेच आपल्यावर डाफरतील."

"काही डॉक्टर ऐंशीच्या पुढचे आहेत," मी म्हटलं.

"मग त्यांना तुमच्यापेक्षा जास्त कळत असेल," साहेब म्हणाले. सगळे हसले. मीही हसले, त्याचाच जास्त राग येतोय.

२२ एप्रिल, बुधवार

फॅक्सच्या मसुद्याचा कागद शिक्क्यांसाठी फिरत माझ्या टेबलावर आला. आमच्याकडे एक मूर्ख रीत आहे. हाताखालच्या माणसाने आपला शिक्का सरळ मारायचा नाही. डावीकडे किंचित कलता मारायचा, म्हणजे तो साहेबाच्या चौकटीकडे वाकून नमस्कार केल्यासारखा दिसतो. साहेबांची चौकट अजून रिकामीच होती. रिकाम्या चौकटीलाही वाकायचं!

शेऱ्यासाठी दोन ओळी कोऱ्या होत्या. "दोन्ही आकडे छापावेत असे माझे मत आहे." एवढं लिहायला अर्धं मिनिट पुरलं असतं. पेन उघडलं होतं मी.

इसोबेबाई पलीकडून म्हणाल्या, "मिचिए, सप्टेंबरात विभागप्रमुखाची जागा रिकामी होतेय बरं का." त्यांनी वाईट हेतूने म्हटलं नव्हतं. त्या माझ्या भल्याचंच बोलतात, हाच त्यांचा दोष.

पेन बंद केलं. शिक्का मारला. कलता. ही डायरी कोणी वाचणार नाहीये, म्हणून लिहिते. मला ती जागा हवी आहे. सत्तेचाळिसावं सरलं, नवरा सोडून गेला त्याला सहा वर्षं झाली. निदान एका दारावर नाव लागू दे.

१० मे, रविवार

बाबांना फोन. साके खरोखरच बंद! संध्याकाळी जवाचा थंडगार चहा पितात आणि दिसेल त्याच्या अंगावर ओरडतात. त्यांचा मित्र तोकुझो, तो मासेमार, त्याने म्हणे यांच्यासमोर बाटली उघडली. दोन दिवस बोलणं बंद.

म्हटलं, "मी येऊन जाऊ का एकदा?"

"वेडी आहेस का? आपल्या इवाते प्रांतात अजून कोरोनाचा एकही रोगी नाही. एकही! सेंदाईच्या नंबरप्लेटची गाडी दारात उभी राहिली की गल्लीत मला तोंड दाखवायला जागा राहणार नाही. पहिली तू होऊ नकोस."

म्हणजे बाबांना मी घरी आलेली चालणार नाही, आणि त्यांचं रक्त मात्र माझ्या टेबलावरून जाणार. वा!

आईच्या फोटोसाठी शिसवीचा, देव्हाऱ्यासारखा कोनाडा करतायत. मी विचारलं, केवढा? म्हणाले, दोन. "दोन काय?" मी विचारलं आणि ते खूश झाले. "बघ! शिकलीस शेवटी." हा त्यांचा जुना छंद. सरकारने जुन्या शाकू मापाची पट्टी बंद करून मीटरची आणली तेव्हा ते उमेदवारी करत होते. मालकाने सांगितलेला आकडा यांनी दुसऱ्याच पट्टीने मोजला आणि सहा खांब तोकडे कापले. मार खाल्ला. तेव्हापासून कामाला हात लावण्याआधी एकच प्रश्न, कुठल्या पट्टीने? शाळेत मला गणितात ऐंशी पडले म्हणून नाचत घरी आले होते. बाबांनी विचारलं, कितीपैकी? दीडशेपैकी होते. तो अपमान मी अजून विसरलेले नाही.

१ जुलै, बुधवार

बदल झाला. पहाटेपासून मशीनवर होते. बाटली नवीन, बाकी सगळं तेच. रक्ताचा थेंब पडतो, पिवळा रंग चढायला लागतो, किती झपाट्याने चढतो ते मशीन मोजतं. ज्यांचे आकडे आधीच माहीत असतात ते नियंत्रण नमुने चोख आले.

फॅक्स पंधरा जूनलाच गेलाय. चारशे बारा दवाखाने, सगळीकडे पोचल्याच्या पावत्या माझ्या फाइलीत तारखेवार लावल्यात. चौकशीसाठी नाव माझंच, शिक्क्यासकट.

९ जुलै, गुरुवार

फोनवर फोन. एक डॉक्टर म्हणाले, "माझे सगळे रोगी एका आठवड्यात बरे झाले, तुम्ही पाण्यात काय घातलंत?" दुसरे खरंच चिडले होते, त्यांनी एका बाईचं औषध अर्ध्यावर आणलं होतं. फॅक्स वाचलाच नव्हता. मी समजावून सांगितलं, त्यांनी "अरे देवा" म्हणून फोन ठेवला. इसोबेबाई हसून हसून बेजार. एकंदर अकरा फोन आले.

कुमागाई साहेबांना सांगितलं. म्हणाले, "चारशेतले अकरा. उत्तम आहे की!"

उसुई डॉक्टरांचा फोन नाही आला. म्हातारा शहाणा आहे, वाचून ठेवलं असणार.

२१ जुलै, मंगळवार

हरले.

बाबांचा फोन आला तेव्हा मी भाजी चिरत होते. आवाजावरूनच कळलं. "उतरला!" म्हणाले. "डॉक्टर म्हणाले मर्यादेच्या आत आला. पाठ थोपटली माझी. गॅमाही अर्ध्यावर. ऐकतेयस ना? आता तू गप्प."

"एवढ्यात?" माझ्या तोंडून निघालं.

"एवढ्यात म्हणजे? साडेतीन महिने जवाचं पाणी प्यायलोय मी! आकडा सांगू?"

"नको," म्हटलं. "दिवसभर आकडेच बघते बाबा मी. अभिनंदन. आता गप्प बसते."

थोडं नवल वाटलं हे खरं. पण साके सुटली की यकृत सावरतं, पाहिलंय मी. आणि मनातून रागही आला, तोही लिहून ठेवते. त्यांचं बरोबर ठरलं की मला लहानपणापासून असाच राग येतो. चांगली बातमी होती, आणि मी कांदा चिरत रडत होते. कांद्यामुळेच.

३० जुलै, गुरुवार

इवातेत काल पहिला रोगी सापडला. बाबा म्हणाले, "तू नव्हतीस ना? मग झालं."

१३ ऑगस्ट, गुरुवार

आज पितर घरी येतात. आई आली असेल. मी नाही गेले. लॅबला सुट्टी नाही, कोरोनाच्या नमुन्यांचे डोंगर पडलेत, सलग अकरा दिवस कामावर आहे.

दुपारी डबा उघडला आणि बाबांचा फोन. कोनाडा झाला, आईचा फोटो छान बसला, तोकुझो येऊन गेला, सगळं सांगितलं. मग म्हणाले, "मिचिए, तुझ्या कामातलं एक विचारायचं होतं."

"बाबा, आज कामाचं नको हो," म्हटलं. "मला चार घास खाऊ द्या. नंतर करते मी फोन."

"बरं बरं, जेव तू," म्हणाले. "काही घाईचं नाही."

नंतर केला नाही. झोप लागली.

२ सप्टेंबर, बुधवार

विभागप्रमुख झाले. दारावर नाव लागलं. कुमागाई साहेब म्हणाले, "तुम्ही बदल फार सुरळीत हाताळलात."

१९ सप्टेंबर, शनिवार

बाबांकडून खोका आला. समुद्री शेवाळ, वाळवलेले मासे, आणि माझ्यासाठी छोटा कोनाडा, आईच्या फोटोच्या मापाचा. चिठ्ठीत लिहिलंय, साके सोडल्यापासून पोट उतरलं, पट्ट्याला तीन नवी भोकं पाडली, तरुणासारखा दिसतो. अंगाला खाज सुटते, म्हातारपण, दुसरं काय. माशांचा वास मात्र हल्ली नकोसा होतो म्हणून सगळे तुलाच पाठवले.

चला, त्यांना तरी हे वर्ष मानवलं. मासे फार छान होते.

१७ नोव्हेंबर, मंगळवार

तोकुझोकाकांचा फोन लॅबवर आला. हा माणूस मला आयुष्यात कधी फोन करत नाही. "पोरी, तुझ्या बाबाचे, सेइजिरोचे डोळे पिवळे झालेत. मी म्हटलं उन्हामुळे असेल. पण नखंसुद्धा पिवळी आहेत गं."

त्याक्षणी मला सगळं कळलं. कसं ते सांगता येणार नाही. मी उभीच राहिले मशीनपाशी. चाळीस नमुने फिरत होते.

नियम असा आहे की आपल्या माणसाचा अहवाल उघडायचा नाही. मी प्रतिज्ञापत्रावर सही केलीय, आता तर दुसऱ्यांकडून करून घेते. उघडला. जुलै, २४१. सप्टेंबर, २६२. शेजारी मर्यादा छापलेली, एकशे तेराच्या आत. कागदाच्या कडेला पेन्सिलने गुणाकार केला. जुन्या मापात सहाशे अठ्ठ्याऐंशी. सातशे एकोणपन्नास.

उतरला कुठे होता? चढला होता. माझ्याच मशीनने मोजला, माझ्याच विभागाने छापला.

२० नोव्हेंबर, शुक्रवार

मोठ्या हॉस्पिटलच्या आवारात, गाडीत बसून लिहितेय. आत सोडत नाहीत. डॉक्टर बाहेर येऊन बोलले, तरुण आहे, डोळ्यांत बघून बोलतो. पित्ताच्या नळीचा कॅन्सर, यकृतात पसरलाय. शस्त्रक्रिया होणार नाही. "एप्रिल-मेमध्ये आले असते तर," असं म्हणून तो थांबला. मी विचारलं, "जुलैत?" तो म्हणाला, "जुलैतही प्रयत्न केला असता." माझं काम काय, हे त्याने विचारलं नाही. मी सांगितलं नाही.

बाबांशी फोनवर बोलले. ते चौथ्या मजल्यावर, मी खाली. खिडकीत हात हलवताना दिसले.

"पैज मीच जिंकलो होतो पण," म्हणाले.

"हो बाबा."

"तू शब्द पाळलास. एकदाही टोकलं नाहीस. मला वाटलं नव्हतं तुला जमेल."

मी शिव्या खायला तयार होते. हे खायला तयार नव्हते.

सांगायला हवं होतं तेव्हाच. पट्टी बदलली होती बाबा, एवढे तीन शब्द पुरले असते त्यांना, जगात दुसऱ्या कोणाला नाही तर त्यांना. त्याऐवजी थंडी आहे का तिथे, असलं काहीतरी विचारलं.

८ जानेवारी २०२१, शुक्रवार

बाबा बुधवारी सकाळी गेले. शेवटची चार मिनिटं आत जाऊ दिलं, प्लास्टिकचा झगा घालून. हात धरला तो हातमोज्यातून.

मी सांगितलं नाही. शेवटपर्यंत नाही.

२३ जानेवारी, शनिवार

उसुई डॉक्टरांच्या दवाखान्यात गेले. भांडायलाच गेले होते, गाडीत सगळी वाक्यं जुळवली होती. ब्याऐंशी वर्षांचा माणूस दारापर्यंत आला आणि कमरेत वाकला तो वाकलेलाच राहिला. नर्सने धरून उठवलं.

त्यांनी आपली पद्धत दाखवली. लॅबचा छापील अहवाल म्हाताऱ्यांना वाचता येत नाही म्हणून ते प्रत्येक रोग्याला एक छोटी वही देतात. त्यात रबरी शिक्क्याने रकाने उमटवायचे, मर्यादांसकट, आणि आकडे स्वतःच्या हाताने मोठे मोठे लिहायचे. तीस वर्षं चाललंय. तो शिक्का त्यांनी माझ्या हातावर ठेवला. एएलपी, १०६ ते ३२२. कडा झिजून गुळगुळीत झाल्या होत्या.

"फॅक्स आला होता का?" मी विचारलं.

नर्स फॅक्सच्या मशीनखालचा गठ्ठा घेऊन आली. जूनमध्ये रोज पंधरा-वीस पानं यायची, म्हणाली. मुखपट्ट्यांची, सॅनिटायझरची, ताप मोजण्याची, सरकारची. त्यात आमचंही निघालं. मोठ्या अक्षरात, एक पान, अगदी साहेबांनी सांगितलं तसं. खाली चौकशीसाठी ओनोदेरा. शिक्का डावीकडे कलता. त्या पानावर समोर साहेबांची चौकटसुद्धा नव्हती. कोणाला वाकले होते मी?

डॉक्टर पुन्हा पुन्हा तेच म्हणत होते, "मी पाठ थोपटली त्यांची. मी पाठ थोपटली." भांडण झालंच नाही. मी चहा पिऊन परत निघाले. निघताना तो फॅक्स मागून घेतला.

२४ जानेवारी, रविवार

बाबांचं घर आवरतेय. हत्यारं तोकुझोकाका नेणार आहेत. कोन मापायचा गुण्या मी ठेवला, एका बाजूला शाकू आणि दुसऱ्या बाजूला सेंटिमीटर असलेला.

डॉक्टरांची वही हत्यारांच्या पेटीत सापडली, रंध्यांच्या खाली. मोठ्या अक्षरांत डॉक्टरांचे आकडे. एप्रिल ६५५. जुलै २४१. सप्टेंबर २६२. आणि समासात सुताराच्या चपट्या पेन्सिलीने बाबांचं अक्षर, जाड आणि तिरपं:

"६५५ चे २४१. तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास. तोकुझोचे मार्चमध्ये २४०, आता ८४. त्याचाही तिसरा हिस्सा, आणि तो तर रोज पितो. पट्टी बदलली की काय? मिचिएला विचारणे."

शेजारी तारीख, तेरा ऑगस्ट. पितरांचा दिवस, माझा डबा उघडा होता तो.

खाली दुसरी तारीख, चौदा ऑगस्ट. पेन्सिलीला नवं टोक काढलेलं.

"विचारायचं राहिलं. पोर फार दमलेली आहे. बदलली असती तर तिने सांगितलंच असतं."